नववी सलामी

मित्रांनो, मी पितळेचा आहे, म्हातारा आहे आणि आज फार रागावलो आहे. म्हणून माझी हकिगत सांगताना आवाज चढला, तर समजून घ्या.

मी ट्रम्पेट. कारखान्यात पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून मला घडवले. तिथून मी या शाळेच्या बँडमध्ये आलो. तेव्हा युद्ध सुरू होते. नवी वाद्ये मिळत नसत, म्हणून एका वाद्यावर दोन मुले शिकत. माझ्या वाट्याला दोन मुली आल्या. एक औषधवाल्याची, ठेंगणी आणि गुटगुटीत. तिला सगळे 'गोळी' म्हणत. दुसरी पुलापलीकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली, काठीसारखी उंच. तिचा दम असा दांडगा की बँडमास्तरांनी तिचे नाव 'फुंकणी' ठेवले.

दोघींचे मेतकूट जमायला आठवडाही लागला नाही. एक फुंकायची, दुसरी पायाने ताल धरायची. चुकले की दोघी पोट धरून हसायच्या.

मग बाजारात दंगल झाली. पुलापलीकडच्यांची दुकाने जाळली गेली आणि वर त्यांनाच पकडून नेले. त्या संध्याकाळी गोळीची आई शाळेत येऊन कडाडली, "त्या लोकांचं उष्टं तोंडाला लावतेस? लाज नाही वाटत?"

गोळी म्हणाली, "आई, मी रोज पुसून घेते. आधी तीही पुसते. कारण माझंही उष्टंच असतं."

दुसऱ्या दिवसापासून फुंकणीला बँडमधून काढले. बँडमास्तर खाली मान घालून म्हणाले, "वरून हुकूम आहे, पोरी." गोळी मात्र मला पिशवीत घालून मधल्या सुट्टीत शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी न्यायची. फुंकणी तिथे वाट बघत असायची. चोरून वाजवताना मी जितका खुलून वाजलो, तितका कधीच वाजलो नाही.

फुंकणीचा थोरला भाऊ सैन्यात होता. देशासाठी मरायला त्याचा रंग कुणाला आड आला नाही. तो मेला. गावातली नऊ मुले त्या वर्षी युद्धात मेली.

शाळेच्या मैदानावर मानवंदना ठरली. एकेक नाव वाचायचे आणि प्रत्येक नावानंतर ट्रम्पेटची सलामी. वाजवायला गोळीला निवडले. मुख्याध्यापकांच्या हातातल्या कागदावर आठच नावे होती. "नववा त्यांचा आहे. त्याचं ते बघून घेतील," असे ते बँडमास्तरांना म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकले. पुलापलीकडच्यांना फाटकाबाहेरच अडवले होते. तिथे फुंकणी आईचा हात धरून उभी होती.

गोळीने आठ सलाम्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी कागदाची घडी घातली. तेवढ्यात गोळी रांगेतून बाहेर पडली आणि भर सभेतून थेट फाटकाकडे चालू लागली. "जागेवर ये!" मुख्याध्यापक ओरडले. तिने टाचा उंचावून मला फाटकावरून पलीकडे दिले आणि म्हणाली, "घे. तुझ्या दादाची तू वाजव."

फुंकणीने भावाचे नाव मोठ्याने घेतले. मग मला ओठांना लावले. सूर जराही हलला नाही.

तिची सलामी संपली आणि शिपायाने मला हिसकावून घेतले. फुंकणीचे नाव त्याच दिवशी शाळेतून कमी झाले. गोळीपुढे मात्र कागद ठेवला गेला. "तिनं फूस लावली, एवढं लिहून दे. पंधरा दिवसांनी परत ये," मुख्याध्यापक म्हणाले.

"फूस मी लावली, सर. तिला जी शिक्षा, तीच मला द्या."

ती दिली नाही; पंधरा दिवसच घरी बसवले. सांगा मित्रांनो, गुन्हा एक आणि शिक्षा दोन, याला काय म्हणायचे? पंधरा दिवस संपले, पण गोळी या शाळेत परत आली नाही.

मला मोडक्या बाकांखाली टाकून दिले. कित्येक वर्षे मी तिथे काळा पडत गेलो. गेल्या वर्षी कुणीतरी मला बाहेर काढून घासले, काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली पाटी लावली: 'आमच्या शाळेने वीरांना दिलेल्या मानवंदनेची आठवण.' आमच्या शाळेने! शेजारी दगडावर नावे कोरली आहेत. आठ.

परवा दोन म्हाताऱ्या आल्या. एक ठेंगणी, एक उंच. उंच बाईंनी चष्मा लावून दगड वाचला आणि म्हणाल्या, "नऊ होते."

कारकून हसला. "आजी, आठच. कोरलंय की!"

"अरे, आठ मी वाजवल्या," ठेंगणी कडाडली, "नववी हिनं!"

"काचेला हात लावू नका," एवढेच तो म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण कुणी फुंकल्याशिवाय मला मोठ्या माणसांशी बोलता येत नाही. तुम्हाला येते. मला पॉलिश नको, मित्रांनो, हारही नको. घोळक्याने मुख्याध्यापकांच्या खोलीत जा आणि विचारा, नववा कोण? उत्तर दगडावर कोरले जाईपर्यंत रोज विचारा.