चालकाच्या सीटवर पंच्याहत्तर किलो

*पाच माणसं, एक पेटी, एक मृदंग, टाळांची पिशवी*

मंगळवारी दिवेलागणीला गारजहून देवगाव रंगारीकडे परतताना समोरच्या प्रत्येक गाडीनं बद्रीनाथला डिपर मारला. एखाद्यानं मारला असता तर तो मारणाऱ्याचा स्वभाव म्हणून सोडून देता आलं असतं. पण सात गाड्या आल्या आणि सातही जणांनी मारला.

शेजारी बायको मनकर्णाबाई होती, मागे तिच्या भजनी मंडळातल्या तिघी, डिकीत पेटी आणि मृदंग. भजन चांगलं रंगलं होतं. मागून द्वारकाबाई म्हणाली, "भावजी, दिवे बारीक करा की."

"बारीकच हायेत."

"मग ही माणसं काय आपल्याला रामराम करत्यात व्हय?"

बाया हसल्या. तेवढ्यात समोरून एक मोटारसायकल आली. तिच्यावरच्या माणसानं एक हात डोळ्यांवर धरला आणि मोटारसायकल रस्ता सोडून सरळ कपाशीत उतरली.

फकिरा निघाला, गावातलाच. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. अंगावरची माती झटकत तो म्हणाला, "बद्रीभाऊ, काहीच दिसंना हो. निस्तं पांढरंफटक."

जेवणाच्या आत गोष्ट शहरात गोकुळच्या कानावर गेली. गोकुळ बद्रीनाथचा थोरला, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर. ही गाडी त्यानंच कंपनीतल्या साहेबाकडून जुनी घेतलेली, पण वरच्या मॉडेलची. हिचे दिवे आपोआप मोठे होतात, आपोआप बारीक होतात, वळणात आपोआप वळतात.

"आप्पा, तुम्ही मोठा दिवा लावून चालवत असणार. लागलेला आहे हे तुमच्या लक्षातच येत नसेल."

"अरे, ती आपली आपण करती ना बारीक? तूच तं शिकवलंस."

मग गोकुळ म्हणाला, "गुरुवारी गाडी घेऊन या. दोष गाडीचा निघाला तर चावी तुमची. तुमचा निघाला तर चावी माझ्याकडं."

सदुसष्ट वर्षांच्या बद्रीनाथनं कन्नडच्या रस्त्यावर अठ्ठावीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली होती. जीप विकल्यावर दोन वर्षं तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत होता. मग ही गाडी आली, मंडळाला गावोगाव नेणं आलं, आणि तो पुन्हा माणसात आला. चावी गेली तर मंडळ बसलं. मंडळ बसलं की तोही पुन्हा ओट्यावर.

*गाडीत कुणी नाही*

गुरुवारी दुपारी गाडी पडेगावच्या एका गॅरेजात लिफ्टवर चढली. मनकर्णाबाई आणि द्वारकाबाई बाकावर चहा पीत बसल्या. पेटीचा एक सूर बिघडला होता, तो गुलमंडीवर दुरुस्त करून घ्यायचा म्हणून त्या दोघीही आल्या होत्या, आणि पेटी डिकीतून निघून द्वारकाबाईच्या पायांशी बसली होती.

दिव्यांचं काम मेघा नावाची मुलगी बघत होती. सव्वीस-सत्तावीसची, अंगानं बारीक, खिशात टेस्टर. तिनं लिफ्टवर चढवायच्या आधीच पुढची बाजू तपासली होती.

"आरशामागं कॅमेरा आहे ना, तो ठीक आहे," ती गोकुळला म्हणाली. "समोरून कुणी आलं की तेवढ्याच तुकड्यातला उजेड विझतो, बाकीचा राहतो. स्टिअरिंगबरोबर वळायचं कामही नीट चाललंय."

गोकुळनं बापाकडे बघितलं. बद्रीनाथनं लिफ्टच्या खांबाकडे.

"पण त्या कॅमेऱ्याला एक गोष्ट कळत नाही, काका," मेघा म्हणाली.

"काय?"

"मागं कोण बसलंय ते."

तिनं हातातली फाईल आडवी धरली आणि मागचं टोक बोटानं दाबलं. पुढचं टोक उचललं गेलं. "मागं वजन आलं की गाडीचं तोंड असं वर होतं. मग दिवा बारीक असला तरी समोरच्याच्या डोळ्यात. ते होऊ नये म्हणून मागच्या एक्सलजवळ बोटाएवढा एक दांडा असतो. गाडी मागं बसली की तो हलतो. जितका हलला तितका दिवा खाली घ्यायचा, एवढंच काम." असं म्हणून ती गाडीखाली शिरली, टॉर्च लावला, आणि जरा थांबून म्हणाली, "बघा इकडं."

गोकुळ वाकला. त्याच्या मागून बद्रीनाथही वाकला, आणि बघतो तर तार.

दांडा एका टोकाला तुटलेला होता. तुटलेलं टोक आणि त्याच्यावरची पट्टी, दोन्ही तारेनं जागच्या जागी आवळून टाकलेली. तीन वेढे, डावीकडे पीळ, आणि शेपूट आत दुमडलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून.

शेपूट आत दुमडायची सवय अख्ख्या कन्नड तालुक्यात एकाच माणसाला होती.

दोन महिन्यांपूर्वी गाडीखाली टकटक वाजायला लागलं होतं. बद्रीनाथ अंगणात गोणपाट टाकून खाली शिरला होता. त्या काडीत ना ऑइल, ना ब्रेक, ना कसला भार. जीपवर अठ्ठावीस वर्षं त्याचा एकच कायदा होता: वाजतं ते बांधायचं. बांधलं. वाजायचं थांबलं. तो सगळा दिवस त्याला फार बरं वाटलं होतं. त्यानंतर भरल्या गाडीनं अंधारातून येणं मंगळवारीच पहिल्यांदा झालं होतं.

"पण मग गाडीनं बिघाडाचा दिवा दाखवायला नको का?" गोकुळनं विचारलं.

"लोंबकळत राहिला असता तर दाखवला असता. असा बांधल्यामुळं गाडीला वाटत राहिलं की मागं कुणी नाहीच. मागं पाच बसोत की पन्नास, ती आपली रिकामी."

"कुणा गाढवाचं काम हे?"

"गावाकडच्या कुणा मेकॅनिकचं असेल. बांधलंय मात्र झकास," मेघा म्हणाली.

"साहेबराव! दुसरं कोण?" गोकुळनं आल्याबरोबर घेतलेली चावी खिशातून काढली आणि बापाच्या हातात दिली. "चुकलं माझं, आप्पा. उगाच बोललो तुम्हाला."

देवगावात गॅरेज एकच, साहेबरावचं. बद्रीनाथच्या मुठीत चावी आली आणि मूठ मिटली. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मूठ मिटली तसं तोंडही मिटलं.

*एक माणूस*

नवा दांडा तासाभरात बसला, गाडी लिफ्टवरून खाली आली. आता गाडीला नव्यानं शून्य शिकवायचं होतं, म्हणजे रिकामी असताना आपण किती उंच असतो ते. पण रिकामी म्हणजे अगदी रिकामी नाही.

"चालकाच्या सीटवर पंच्याहत्तर किलोंचा एक माणूस लागतो," मेघा म्हणाली. "मी अठ्ठेचाळीस आहे. काका, काट्यावर उभे राहा बरं."

काटा अडुसष्टावर थांबला.

"खाऊ घालते म्हणून गावभर सांगता, आन् भरले तं एवढेच व्हय?" मनकर्णाबाई बाकावरून म्हणाली.

मेघानं बद्रीनाथला सीटवर बसवलं, मांडीवर ऑइलचे दोन भरलेले डबे दिले. सात किलो. मग तिनं कॉम्प्युटर जोडला, त्याच्याकडून चावी घेऊन फिरवली, शटर खाली ओढलं. भर दुपारी आत अंधार झाला आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडला.

"आता हलायचं नाही हं. उतरायचं तर नाहीच. मी सांगेपर्यंत."

भिंतीवर काळ्या टेपची फुली होती. उजेडाची वरची कड तिच्याखाली वीतभर, सरळ, आणि डावीकडे जरा चढलेली. अठ्ठावीस वर्षं बद्रीनाथनं उजेड रस्त्यावर पडलेला बघितला होता. त्याला वरची कड असते, कुठं संपायचं ते त्याला ठरवून दिलेलं असतं, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. कडेच्या वर फकिराचे डोळे. कडेच्या खाली रस्ता.

मागून गोकुळचा आवाज आला. फोनवर होता.

"साहेबराव, तार कशाला बांधली रे? … कोणती म्हणजे? मागच्या एक्सलवरची! … नाही कसं? गावात गाडीला हात लावणारा दुसरा कोण आहे? … अरे, माणूस मेला असता! मी माझ्या बापावर संशय घेतला तुझ्यापायी …"

बद्रीनाथ जरा वळला. भिंतीवरचा उजेड केसभर थरथरला.

"काका."

"ताई, जरा उतरू का?"

"नाही ना. गाडी शिकतेय अजून."

"… आणि खोटं बोलू नको वर," मागे गोकुळ म्हणत होता. "उद्या येतो गावात, चार माणसांसमोर विचारतो तुला …"

साहेबरावनं जीपचे पाटे बदलले होते, पावसात, बाजारच्या दिवशी, स्वतःची भाकरी बाजूला ठेवून. उतरून जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून हळूच सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मांडीवर दोन डबे, समोर भिंत, आणि उतरायला मनाई. जे बोलायचं ते इथूनच, मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागणार होतं.

"गोकुळ, फोन ठेव. तार माझी हाय."

*तोच एक माणूस*

उजेड हलला नाही.

"काय?" गोकुळ म्हणाला.

"म्या बांधली. अंगणात. साहेबरावनं तिला हात बी नाय लावला. सांग त्याला, आन् माफी माग."

फोनवर काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात मनकर्णाबाईनं कपबशी बाकावर आदळली.

"तरी म्हणते! माझी धुणं वाळत घालायची तार हातभर आखूड झाली कशी? शेजारणीला बोलले मी! आठ दिवस अबोला होता!"

"तिलाबी सांगतो," बद्रीनाथ भिंतीला म्हणाला. "फकिराला बी मीच सांगतो."

"झालं," मेघा म्हणाली. "शून्य शिकली गाडी. काका, डबे द्या इकडं. पण उतरू नका, आता मागं माणसं बसवायची आहेत."

*चार माणसं*

मागच्या सीटवर डावीकडे मनकर्णाबाई, उजवीकडे द्वारकाबाई, आणि मध्ये, दोघींच्या पदरांमध्ये चेपून, वाळूजच्या कंपनीतले इंजिनिअर गोकुळ.

द्वारकाबाई टेकली तशी गाडी मागे बसली. भिंतीवरची कड फुलीपर्यंत चढली.

"माझ्यानं गेला का गं तो वर?"

"थांबा काकू. बघा आता."

क्षणभर काही झालं नाही. मग दिव्यांच्या आत कुठंतरी बारीक गुरगुर झाली आणि कड आपली आपण, सावकाश, फुलीखाली उतरली, पहिल्या जागेवर. कुणी काही केलं नव्हतं. चौघंही भिंतीकडे बघत राहिले.

"मला बी असंच बसल्या-बसल्या कुणी समजून घेतलं असतं तं," द्वारकाबाई म्हणाली.

गोकुळ हसला नाही. बापाच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत तो म्हणाला, "आप्पा, ठरलं होतं आपलं."

"व्हय. दोष माझा निघाला." बद्रीनाथनं चावीकडे हात नेला. "घे."

"मी म्हणत होतो तुम्हाला दिसत नाही. वय झालं म्हणून."

"दिसतंय मला. समजलं नव्हतं."

"मग त्यात तुमचा दोष किती आणि …" गोकुळ अडखळला. अशा हिशेबाला त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

"आरं, मग बसून काय बघतो भिंतीकडं?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुला भरवसा नाय ना? तं फकिरा जिथं व्हता तिथं जाऊन बघ."

गोकुळनं आईकडे बघितलं. मग मेघाकडे. "मॅडम, वाळूची पोती आहेत का तुमच्याकडं?"

*तीन माणसं, एक पेटी, वाळूची तीन पोती, समोर एक*

कसाबखेड्याच्या पुढे रस्ता सरळ आहे. सूर्य जाऊन अर्धा तास झाला होता. गोकुळ आपल्या मोटारसायकलवर पुढे निघून गेला होता. दोनेक किलोमीटर जाऊन तो वळणार, आणि बद्रीनाथच्या समोरून येणार. डोळे दिपले तर थांबायचं आणि चावी घ्यायची. एवढंच ठरलं होतं.

मंडळातल्या बाकीच्या दोघींच्या वजनाला वाळूची पोती होती; गाडी मागून जड होती, स्टिअरिंगला कळत होतं. बद्रीनाथनं दिव्याच्या दांडीला हात लावला नाही. तो पन्नासनं चालला. दोन्ही बाजूंच्या बाभळी, मैलाचे दगड, कपाशीचे बांध उजेडात येत होते आणि मागे जात होते.

लांबवर एक दिवा दिसला.

बद्रीनाथची बोटं अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं दांडीकडे गेली. त्यानं ती परत आणली. आणि तेव्हा त्यानं बघितलं: समोरच्या उजेडाला एक भोक पडलं. बाभळी उजेडात, दगड उजेडात, आणि मधोमध माणसाएवढा अंधार, त्यात तो एक दिवा. दिवा जवळ आला तसा अंधारही मोठा होत, उजवीकडे सरकत त्याच्याबरोबर आला. गोकुळ कसा दिसतो ते दिसत नव्हतं. फक्त तो जिथं होता तिथं गाडी उजेड टाकत नव्हती.

अगदी शेजारून जाताना क्षणभर दिसला. दोन्ही हात हँडलवर.

बद्रीनाथनं आरशात बघितलं. मागे जाणारा लाल दिवा आता भडकेल, भडकला की ब्रेक, ब्रेक म्हणजे तो थांबला. लाल दिवा बारीक होत गेला. होता तसाच, बारीक होत, शहराकडे.

"थांबला नाय?" मनकर्णाबाईनं मागे वळून विचारलं.

"नाय."

"घरी गेला?"

"गेला."

ती पुन्हा पुढे वळून बसली, पदर सारखा केला. समोरून एक पिकअप आली, गेली. डिपर मारला नाही.

"शनिवारी कुठं हाय गं भजन?" बद्रीनाथनं विचारलं.