चकचकीत काळा

समोर काही आलं की आपोआप थांबणारी गोदामातली गाडी हल्ली रिकाम्या वाटेतच गचकन थबकायची. वरची खोकी धडाधड खाली यायची आणि बोलणी खायचे ती चालवणारे भावजी. "समोर काही नव्हतं हो, आपली आपणच थांबली," असं ते घसा कोरडा होईस्तोवर सांगत आणि ऐकणारे गालातल्या गालात हसत. शेवटी त्यांना गाडीवरून उतरवून पॅकिंगला बसवलं.

गाडीच्या पुढ्यातलं, लेझरने अंतर मोजणारं यंत्र त्यांच्या वहिनीनेच जोडलं होतं. भावजींना उतरवलं त्याच दुपारी तिने ते उघडलं. आतली नळी आरशासारखी चमकत होती. बिनचमकीचा मॅट रंग संपला म्हणून तिनेच नळीला चकचकीत काळा मारला होता. काळा तो काळाच, आत कोण बघतंय. लेझरचा थोडा उजेड त्या चकाकीवरून आतच परतायचा आणि यंत्राला वाटायचं, समोर कुणी आलंय.

तिने रंग खरवडला, मॅट मारला आणि चकार शब्द काढला नाही.

"चालवणारा बदलला, गाडी सुतासारखी सरळ झाली," असं साहेब आठवड्याने सगळ्यांदेखत म्हणाले.

त्या दिवशी जेवताना भावजी मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, माझाच हात ब्रेकवर जात असणार. तुमच्या यंत्राला उगाच नावं ठेवली मी. मनावर घेऊ नका."

तिने त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"नाही घेतलं," ती म्हणाली.