गाडी पळवणारा आत्मा

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे, वरच्या मजल्यावरचे, एरवी जिन्यात ओळखही न दाखवणारे, सगळे टीव्हीकडे डोळे लावून बसले होते. पडद्यावर गेममधली लाल गाडी धावत होती आणि कंट्रोलर मात्र टेबलावर एकटाच पडला होता. कुणाचं बोटही त्याला लागत नव्हतं. अपघातात गेलेला या घरचा धाकटा मुलगा आईला भेटायला आलाय आणि तोच गाडी चालवतोय, असं आत्मे बोलावणाऱ्या बाबांचं म्हणणं होतं.

"पाहा, कसा झकास वळला. आईच्या मायेची ओढ आहे ही," बाबा डोळे मिटून म्हणाले. मिटल्या डोळ्यांना वळण कसं दिसलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

थोरल्या बहिणीला, ताईला, किळस आली होती. भावाच्या खुर्चीत हा माणूस पाय पसरून बसला होता. हृदयाच्या गोळ्यांनी आत्म्याची वाट अडते, असं त्यानं मागच्या खेपेला सांगितलं आणि आईनं गोळ्या सोडल्या. आता चार पावलं चालली तरी तिला धाप लागत होती. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. घरात तिनं विनवलं, भांडण केलं, डॉक्टरांना बोलावून आणलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांचा शिष्य शालीत हात घालून कोपऱ्यात ध्यान करत होता. ताईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग कंट्रोलर उचलून आईच्या हातात दिला.

"बाबा, त्याला गाडी भिंतीवर आपटायला सांगा. तो नेहमी आपटायचा."

नवी भक्तीण मिळाली म्हणून बाबा खुलले. त्यांनी हुकूम सोडला. गाडी धाडकन आपटली. आईच्या हातातला कंट्रोलर गप्पच राहिला आणि घर्र आवाज आला तो शालीतून.

"त्यानं गाडी आपटली की हे हातात घरघरायचं," आई हळूच म्हणाली. "मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

ताईनं शाल ओढली. मांडीवर दुसऱ्याच कंपनीचा स्वस्तातला वायरलेस कंट्रोलर होता. त्याचे इशारे पकडणारा नखाएवढा रिसीव्हर गेमच्या डब्याला मागून खोचलेला निघाला. खोलीची शुद्धी करायच्या निमित्तानं बाबांनीच तो तिथे लावला होता. दोघांनी गाडी न आपटता चालवायचा सराव केला होता. आपटल्यावर काय होतं, हे त्या दीडशहाण्यांना ठाऊकच नव्हतं.

आत्मा शिष्याच्या अंगात शिरला, असं बाबा पुटपुटले. ताईनं रिसीव्हर उपटला. आत्म्याची गाडी जागीच थांबली.

"म्हणजे तो आला नव्हता?" आईनं विचारलं.

"नाही, आई. तो गेला. तू राहा."

माणसं खाली माना घालून उठली. त्यांना ताईनं एवढंच सांगितलं, की हात जोडण्याआधी डब्यामागे डोकावा, शालीखाली पाहा, आणि औषध सोडायला सांगणाऱ्याला पहिल्याच दिवशी दार दाखवा.

आईनं मुलाचा कंट्रोलर सोडला नाही. दुसरा हात तिनं पुढे केला आणि ताईनं त्यावर गोळी ठेवली.