बारा फुटांचा बाक

मित्रांनो, बसा म्हणायची माझी सोय राहिलेली नाही, तेव्हा उभ्यानेच ऐका. मी एक जुना बाक आहे. चांगला बारा फूट लांब. पाच पाय एका लाकडाचे आणि सहावा भलत्याच लाकडाचा. त्या सहाव्या पायाची गोष्ट पुढे येईल. तिथे मी अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाक होण्याआधी मी ओढ्यावरचा लाकडी पूल होतो. सिमेंटचा पूल झाला आणि मला मोडून सरपणाच्या ढिगावर टाकलं. सुतारबाबांनी एक फळी उचलली, नखाने खरवडली आणि म्हणाले, "हे लाकूड अजून पन्नास वर्षं माणसं पेलेल. जाळता कसले?" त्या एका वाक्यावर मी वाचलो.

सुतारबाबांना दोन मुलं. मुलगा बडबड्या, आणि मुलगी धाकटी. गावातही त्यांना याच नावांनी ओळखत. बडबड्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं. धाकटी कमी बोलायची, पण जे बोलायची ते आधी कागदावर लिहून.

आमच्या गावाच्या मधोमध सामाईक जागा होती. ती सगळ्यांची, म्हणून तिथे राडारोडा टाकायला कुणालाच विचारावं लागत नसे. गावातल्या तरुण पोरांना मात्र टेकायला जागा नव्हती. दुकानापाशी बसली की टवाळ, पुलावर बसली की रिकामटेकडी आणि घरी बसली की आळशी. शाळा संध्याकाळी कुलूपबंद. धाकटीने अर्ज लिहिला: या जागेवर युवा केंद्र व्हावं. सोबत नकाशा जोडला. त्यात मोठी खोली होती, वाचायला कोपरा होता, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह होतं, आणि मागच्या भिंतीला लागून बारा फुटांचा बाक होता.

इथेच सुतारबाबांनी एक चूक केली. लेकीचा नकाशा बघून त्यांना इतका हुरूप आला की जागा मंजूर होण्याआधीच त्यांनी मला करायला घेतलं. मापं घेतली ती कागदावरच्या भिंतीची. बडबड्या हसून म्हणाला, "बाबा, बाळाचा पत्ता नाही आणि पाळणा तयार!" पण रंधा मारायला तोच सगळ्यात पुढे होता. पुलाच्या खिळ्यांची भोकं त्याने एकेक करून बुजवली. माझ्या उजव्या हाताखाली, कुणाला दिसणार नाही असं, त्याने टोकदार खिळ्याने एक हसरं तोंड कोरलं. ते अजून आहे.

गावसमितीच्या पहिल्या बैठकीत धाकटीने अर्ज वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. समितीचे अध्यक्षकाका म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो! पुढच्या बैठकीत नक्की बघू." पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं गोंगाट होईल, कुणी म्हणालं मुलं-मुली एकत्र बसतील, कुणी म्हणालं कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार. किल्लीवरच अख्खी बैठक संपली. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "घाई कसली? जागा काय कुठे पळून चाललीय?"

तोवर मी तयार झालो होतो आणि मला ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. एकाही घरात मी मावेना. दारातून अर्धा आत गेलो की समोरची भिंत आडवी यायची. निदान त्या मोकळ्या जागेवर तरी ठेवू, असं सुतारबाबांनी विचारलं. काका म्हणाले, "आधी ठराव, मग बाक. बाक ठेवला म्हणजे ताबा घेतल्यासारखं होतं." शेवटी मला सुतारकामाच्या शेडबाहेर, रस्त्याच्या वळणावर ठेवलं. तात्पुरतं.

ते तात्पुरतं चार वर्षं चाललं. खरं सांगू? ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं होती, आणि हे सांगताना मला लाज वाटते. रोज संध्याकाळी सहा-सात जणं येऊन बसायची. नोकरीचे अर्ज माझ्यावर भरले गेले. एका मुलीने परीक्षेचा निकाल माझ्यावर बसून ऐकला आणि तिथेच रडली. बडबड्याची जागा ठरलेली. माझ्या उजव्या हातावर चढून, सगळ्यांकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून तो किस्से सांगायचा.

त्या संध्याकाळीही तो तसाच बसला होता. किस्सा ऐन रंगात आला होता. उतारावरून विटांचा ट्रक आला आणि त्याचे ब्रेक लागले नाहीत. बाकीच्यांना तो समोरून दिसला. ती पोरं किंचाळली, उड्या मारून बाजूला झाली. बडबड्याला वाटलं, पोरं आपल्याच किश्श्यावर ओरडतायत. तो हसत होता. माझा उजवा पाय मोडला आणि त्याच्यासोबत तो गेला. मी पन्नास वर्षं माणसं पेलणारं लाकूड, पण एक पोरगं मला सांभाळता आलं नाही.

सुतारबाबांनी मला नवा पाय बसवला. ओढ्यावरच्या पुलाचं लाकूड संपलं होतं, म्हणून दुसरंच लावलं. तीन दिवस ते काम चाललं.

पुढची बैठक भरली. अध्यक्षकाका ढसाढसा रडले. खोटं नाही, मनापासून रडले. सामाईक जागा साफ करून तिथे बडबड्याचं स्मारक बांधायचं, असा ठराव आला आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे हात वर झाले. धाकटी उभी राहिली. "काका, आणि केंद्राचं काय?"

"अगं पोरी, ही काय ती विचारायची वेळ आहे?"

चार वर्षं जी जागा मिळत नव्हती ती अशी मिळाली. आता तिथे फरशीचा चौथरा आहे, लोखंडी कुंपण आहे, फाटक आहे. किल्ली अध्यक्षकाकांकडे असते. तो प्रश्नही सुटला म्हणायचा. बडबड्याची आठवण म्हणून मला आत ठेवलं, पॉलिश केलं, आणि पुढून साखळी लावली. पाटी आहे: "येथे बसू नये." ज्या जागेसाठी मला घडवलं, तिथे मी पोचलो आहे, मित्रांनो. पोरं मात्र आता वळणावरच्या दगडांवर बसतात. ट्रक अजूनही तिथूनच जातात.

गेल्या महिन्यात धाकटी कुंपण चढून आत आली. साखळी ओलांडून बसली. माझ्या हाताखाली बोटांनी चाचपत तिने ते हसरं तोंड शोधलं. राखणदार धावत आला. "उठ बाई, इथे बसायचं नसतं! भावाचा मान ठेव जरा."

धाकटी म्हणाली, "मामा, तो चार वर्षं बसायलाच जागा मागत होता हो."

राखणदाराने तिला उठवलं नाही, पण साखळीही काढली नाही.

तुमच्या गावातही अशी एखादी जागा असेल, पुढच्या बैठकीची वाट बघणारी. मला पॉलिश नको, पाटी नको. एवढंच करा, की त्या वळणावरची पोरं उठवून इथे आणा. ती सगळी जिवंत आहेत तोवर आणा. मी अजून पेलेन.