बांधाचं तोंड

भीमसिंगच्या तांड्यावर, मुकुटबनच्या अंगाच्या कोरडवाहू मुलखात, पाणी वाहून जाऊ देणं म्हणजे पाप. वावरातून धार निघालेली दिसली की या माणसाचे हात शिवशिवत. दगड, माती, गवताचा बुचका, सापडेल ते लावून तो ती अडवणारच. त्याच हातांनी त्यानं लेकीच्या सासरी घोळ घालून ठेवला.

राखीला समुद्राकाठी दिली होती, भाताच्या गावात. जावई बोटीवर नोकरीला, विहीण तुळसाबाई पाय मोडून खाटेवर, म्हणून यंदाची शेती एकट्या राखीच्या गळ्यात. आषाढात भीमसिंग लेकीला भेटायला गेला. निघायच्या सकाळी शेताकडे चक्कर मारली, तर बांधाचं तोंड उघडं आणि पावसाचं पाणी भदाभदा खाडीकडे चाललेलं. "येडी पोरगी," म्हणत त्यानं ते बुजवलं, वर तांड्यावर रचतो तसे दगड रचले आणि कोणाला न सांगता एसटीत बसला. मोठं पुण्य केल्यासारखा खूश होता लेकाचा.

आता समुद्राची रीत बदलली आहे. उन्हाळ्यातल्या उधाणाचं खारं पाणी हल्ली दरसाल बांध ओलांडून शेतात येतं. ते मीठ पावसाच्या पाण्यानं धुवायचं, पाणी बाहेर काढायचं, पुन्हा धुवायचं, मगच लावणी. भीमसिंगनं कधी विचारलंच नव्हतं. पाणी चढलं, बुजलेलं तोंड त्याखाली गेलं, राखीला ते दिसलं नाही, आणि धुणं झालं समजून तिनं रोपं लावली. मीठ आतच राहिलं, भात शेंड्याकडून करपत गेला.

श्रावणात तिचा फोन आला.

"बा, तोंड बुजलेलं होतं. दगडाची रचाई तुह्या हातची होती, म्या वयखली."

"मंग?"

"मंग काय? म्याच बुजवलं म्हणून सांगतलं सासूबाईले. तुले इथं कोणी नावं नाही ठेवली पाह्यजे. त्या आता वावर दुसऱ्याले कसाले देऊन राह्यल्या. पण तू काही बोलू नको."

भीमसिंगला आधी हायसं वाटलं. खरं सांगायचं तर तेच त्याला पुढे खात राहिलं. ताटातली भाकर तो तशीच बाजूला सारू लागला.

"जेवून काहून नाही राह्यले?" बायकोनं, मोतीबाईनं, विचारलं. तेव्हा त्यानं सगळं ओकलं.

"पोरगी तिथं बोलणं खाऊन राह्यली, अन् तुमी इथं इज्जत सांभाळून बसले? शरम नाही वाटत?"

वाटत होती. त्यानं तुळसाबाईंना फोन लावला.

"विहीणबाई, ते तोंड म्या बुजवलं. राखीनं नाही. मले वाटलं, पाणी वाया जाते."

तुळसाबाई म्हणाल्या, "व्याही, मी तिला शेतात पाऊल टाकू नको म्हटलं. 'तुझ्या माणसांना भात काय कळणार,' म्हणून तिला रोज ऐकवलं. ती एका शब्दानं बोलली नाही हो."

मग फोन चालू ठेवूनच त्यांनी हाक मारली, "राखी, इकडे ये गं. तुझ्या वडिलांनी सांगितलं मला सगळं. शेत आपण कोणाला देत नाही. पुढल्या सालीही तूच करायचं."

एवढे दिवस डोळ्यातून टिपूस न काढलेली पोर तेव्हा हमसून रडायला लागली, आणि भीमसिंग फोन कानाला तसाच धरून ऐकत बसला.