लाजण्याचा खेळ

मी एक जुनी समुद्रसिंहीण आहे. तुम्ही मला सी लायन म्हणता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सिंहीण म्हणवून घेत मी बहारीनमध्ये दहा वर्षे मासळीच्या तुकड्यासाठी नाचले.

मित्रांनो, आमचा तलाव फोटोत सुंदर दिसावा म्हणून त्याचा तळ पांढरट निळा रंगवला होता. वरून ऊन, खालून त्याच उन्हाची तिरीप, आणि पाण्यात क्लोरीन. सावलीचा पत्ता नाही. माझे डोळे जळायचे. मग मी वल्ह्यासारखा पुढचा पर उचलून ते झाकून घ्यायचे.

मला शिकवणारा मुनाफ रत्नागिरीचा. माणूस प्रेमळ, माझी मासळी स्वतः निवडायचा. मी डोळे झाकले की त्याला लाजरी नवरी आठवायची. त्याने मला बांगडा दिला. पुन्हा झाकले, पुन्हा बांगडा. असा माझ्या दुखण्याचा खेळ झाला. ईसा टाउनहून शाळेच्या बस भरून मुले यायची आणि मी 'लाजले' की टाळ्या पिटायची. मीही भुकेपोटी लाजत राहिले. त्या लाजण्याचा मला आजही राग येतो.

तपासणीला डॉक्टर आले, तरी मी डोळे झाकायचे. ती तुम्हाला लाजते, असे मुनाफ कौतुकाने सांगायचा. डॉक्टर हसून सही करून जायचे. अशी तीन वर्षे गेली.

मग रायगडच्या डॉक्टर आतिका आल्या. त्या हसल्या नाहीत.

"लाजत नाय ही, मुनाफभाय," त्या म्हणाल्या. "हिचे डोळे जळतायत. डावा तर गेलाच."

मुनाफ तिथेच खाली बसला. बांगडा त्याच्या हातातच राहिला.

आतिकांनी तलाव चालवणाऱ्या साहेबांकडे तलावावर छत मागितले, तळाला गडद रंग मागितला. साहेब दर वेळी इंशाल्ला म्हणाले. उन्हाळ्यात छत आले खरे, पण ते प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसले.

आता मला उजव्या डोळ्यानेही अंधुकच दिसते. माझ्या जागी सुहा नावाची समुद्रसिंहाची पोर आणली आहे. काल तिने पहिल्यांदा डोळे झाकले. खुर्च्यांतून टाळ्या आल्या. मुनाफच्या बादलीची कडी वाजली आणि थांबली. बांगडा न देता तो तिच्यापुढे उन्हाला आडवा उभा राहिला. पण एका माणसाची सावली ती केवढी?

मित्रांनो, तुम्ही याल तेव्हा छताखाली बसाल. सुहा लाजली, तर टाळी वाजवू नका. हिच्या डोक्यावर छत कधी येणार, एवढे साहेबांना विचारा. मी दहा वर्षे डोळे झाकून तेच विचारत होते. तुम्ही हसत होतात.