खोडातलं पाणी

सूनबाईला जगात डागच दिसायचे, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. रुग्णालयाच्या धोबीखान्यात धुऊन आलेली चादर उजेडासमोर धरायची, डाग राहिला असेल तर डावीकडे टाकायची, नसेल तर उजवीकडे. असं रोज आठ तास, गेली अकरा वर्षं. कामावरून निघताना डोळे काही खुंटीला टांगून येता येत नाहीत. सकाळी बसच्या थांब्यावर उभी राहिली की तेच डोळे आभाळावर फिरायचे, आणि आभाळही तिला नीट न धुतलेलं वाटायचं.

पावसाळा सरत आला होता. धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसती चिकचिक. थांब्यावर बाक नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीचं एक कापलेलं खोड होतं. ती डब्याची पिशवी त्यावर टेकवायची, पण आधी कागद अंथरून, कारण येणारे-जाणारे त्यावर थुंकायचे. खोडाच्या एका अंगाला माणसाच्या कानासारख्या बुळबुळीत अळंब्या उगवल्या होत्या आणि मधल्या खळग्यात साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पुढे पूल ओलांडून बस तळ्याला वळसा घालायची तेव्हा ती नाकाला रुमाल लावायची. पाण्यावर फेस, फेसात फाटक्या चपला, आणि काठावर पांढरे पक्षी. तेही घाणीत चोच खुपसून काहीबाही गिळत असायचे. अशा पक्ष्यांचे लोक फोटो काढतात, याची तिला शिसारी यायची.

घरी सासरे तिची वाट बघत असायचे. ते बसचालक. याच रस्त्यावर, याच बारा नंबरच्या बसवर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. दीड वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांनी दगा दिला आणि तेव्हापासून ते खुर्चीत बसून असायचे. त्यांचं मागणं काही नव्हतं. फक्त सूनबाईची चप्पल दारात वाजली की विचारायचे, "काय म्हणतोय रस्ता?" रस्त्याची हकीकत ऐकल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. मध्ये ती तापाने पडून होती, तर दोन दिवस ते नुसत्या चहावर राहिले. नवरा म्हणाला होता, "तेवढं सांगत जा गं. त्यावरच तर जगतायत ते."

आता आंधळ्या म्हाताऱ्याला ऐन जेवणाच्या वेळी फेस आणि अळ्या कुठे सांगायच्या? सूनबाईने सगळा रस्ता मनातल्या मनात धुऊन काढला. तळं निळंशार केलं. पक्ष्यांच्या माळा उडवल्या. वर थोडं धुकं पसरलं. सासरे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि चार घास खायचे. कुणाचं काय बिघडत होतं?

पण खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते, आणि हिची अकरा वर्षांच्या चादरींनी भरलेली. एका संध्याकाळी नवं काही सुचेना, तेव्हा ती भरात येऊन म्हणाली, "आज थांब्यावरचं झाड काय बहरलंय बाबा. सगळे सावलीतच उभे होते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला आणि ताट पुढे सरकवलं.

"कुठलं झाड?"

"ते... थांब्यावरचं."

"ते मीच तोडायला लावलं," सासरे म्हणाले. "फांदी बसला घासायची. एकदा काच फुटली आणि आमच्या कंडक्टरचा खांदा चिरला. मी तक्रार लिहिली, दुसऱ्या दिवशी झाड आडवं. त्यानंतर एकोणीस वर्षं रोज त्या खोडासमोर गाडी उभी केली मी. सांग, कुठलं झाड बहरलं?"

सूनबाईचा चेहरा पडला. नवरा पाण्याच्या पेल्यात बघत बसला.

"वाटलं होतं, माझे गेले तर गेले, तुझ्या डोळ्यांनी बघीन," सासरे म्हणाले. "तर तू डोळे मिटूनच जातेस."

हे मात्र तिला झोंबलं. ज्या डोळ्यांमुळे तिला घास गिळवत नव्हता, ते म्हणे मिटलेले.

"बघते म्हणूनच सांगत नाही, बाबा. त्या खोडावर लोक थुंकतात. त्याला कानासारख्या अळंब्या आल्यात. वरच्या खळग्यात सडकं पाणी आहे आणि त्यात अळ्या आहेत, डोकं खाली, शेपूट वर. मी डबा ठेवते तिथे. तळ्यावर फेस आहे, साबणाचा नाही, पिवळा. आणि ते तुमचे पक्षी गटारातलं खातात. किळस येते मला सगळ्याची. हे सांगू जेवताना?"

"फेस कुठपर्यंत आलाय?"

"पुलाच्या तिसऱ्या खांबापर्यंत."

"माझ्या वेळी पहिल्यापर्यंत होता." त्यांनी तोंड वाकडं केलं. "नालायक लेकाचे. आणि पक्षी पांढरेच राहिलेत?"

"पोटाखाली काळे झालेत."

सासऱ्यांनी चाचपडत ताट पुन्हा जवळ ओढलं. नवरा मात्र तोंडाला हात लावून उठला.

"अळ्या किती आहेत?" घास चावत सासऱ्यांनी विचारलं.

"मोजतं का कुणी?"

"मग आजच्या तेवढ्याच उद्या आहेत, की डास होऊन उडाल्या, ते कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने नाकाला रुमाल लावला, पिशवी हातातच धरली आणि त्या खोडावर वाकली. अळ्या एका जागी ठरत नव्हत्या, त्यामुळे दोनदा चुकून पहिल्यापासून मोजावं लागलं. बारा नंबर येऊन उभी राहिली, चालकाने भोंगा वाजवला, लोक चढले.

"थांबा हो जरा," ती मान वर न करता म्हणाली. "सतरा झाल्यात."